मुकं लोखंड

मी एक जुनी कढई आहे. जे सांगणार आहे ते २०२२ सालचं आहे. त्या वर्षी जानेवारीच्या चोवीस तारखेला, सोमवारी, दुपारच्या चहाच्या थोडं आधी, माझ्या काठावर उभा असलेला एक माणूस भाजला. ज्यानं तो भाजला ते माझ्याच पोटातलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मला विझवलं. थंड पडलेल्या कढईला आठवणींशिवाय दुसरं काम नसतं.

मित्रांनो, कढई म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भजी आली असतील. मी तशी नाही. माझी लांबी सात मीटर आहे. खोली इतकी, की तुमच्या वर्गातला सर्वांत उंच मुलगा तळाशी उभा राहिला तर त्याच्या शेंडीचा केसही वर दिसणार नाही. जाडजूड पोलादी पत्रे जोडून मला घडवलं आणि २०१४ साली चाकणजवळ महाळुंग्याला, अण्णासाहेबांच्या कारखान्यात आणलं. ट्रेलरला गेटातून वळता येईना, म्हणून गेटचा एक खांब पाडावा लागला. अण्णासाहेब तेव्हा हसून म्हणाले होते, "सून घरात येताना माप ओलांडते. हिनं खांबच ओलांडला!" मग त्यांनी माझ्या कडेला कुंकू लावलं. दर दसऱ्याला ते मला झेंडूचा हार घालत आणि 'माझी लक्ष्मी' म्हणत. कौतुक कुणाला नको असतं? मलाही ते गोड वाटे.

कारखान्याचं काम एकच होतं, लोखंडाला जस्ताचा लेप देणं. जस्त, म्हणजे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं झिंक, अणुक्रमांक तीस. निळसर पांढरा धातू. माझ्यात तो वितळवून ठेवायचा आणि लोखंडाच्या वस्तू आधी तेजाबात, म्हणजे आम्लात, धुऊन गंज काढायचा, वाळवायच्या आणि मग त्यात बुडवून काढायच्या. रस्त्याकडेचे दिव्यांचे खांब, पुलाचे कठडे, शेताच्या कुंपणाच्या तारा, पाण्याचे नळ, यांच्यावर जी राखाडी चकाकी आणि बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसते ती जस्ताची. लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की ते गंजतं. जस्त मधे उभं राहतं आणि स्वतः झिजतं. एखादा ओरखडा पडून आतलं लोखंड उघडं पडलं, तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतःला खपवतं आणि लोखंडाला वाचवतं. असा दुसऱ्यासाठी झिजणारा धातू मी पोटात वागवते, याचा मला फार अभिमान होता.

पण ज्याला मी पोटात वागवत होते ते मलाही आतून खात होतं. वितळलेलं जस्त लोखंड विरघळवतं. मी पोलादाची, म्हणजे लोखंडाचीच. आच साडेचारशे अंशांवर ठेवली तर ते सावकाश खातं आणि कढई आठ-दहा वर्षं टिकते. आच बेताबाहेर वाढली की भराभर खातं. त्यामुळे माझं आयुष्य एका माणसाच्या नजरेवर अवलंबून होतं. त्याचं नाव फारूक.

फारूक उदगीरकडचा. बायको ताजुन्निसा आणि मुलगी उझ्मा यांना घेऊन तो कुरुळीत खोली करून राहत होता. पहिल्यांदा माझ्यात जस्ताच्या लगडी रचल्या त्या त्यानं. वीट बसवावी तशी एकेक लगड माझ्या भिंतीला चिकटवून बसवली, कारण मधे फट राहिली की भिंत एका जागी जास्त तापते आणि तडकते. मग चार दिवस तो हळूहळू आच वाढवत राहिला. कुणी विचारलं की म्हणे, "थंड जस्त ठिसूळ असतं, राव. पाण्याच्या उकळीहून जरा जास्त ऊन केलं की वाकायला तयार होतं. अजून तापवलं की पुन्हा हट्टी. माझ्या सासऱ्यासारखं. त्याला कधी बोलायचं ते कळलं पाहिजे." चारशे वीस अंशांना शेवटची लगड विरघळली, तेव्हा त्यानं लांब दांड्याच्या फळीनं वरची राख बाजूला सारली. खाली आरशासारखा पृष्ठभाग निघाला. त्या आरशात वाकून त्यानं आपली मिशी पाहिली. माझ्या आरशात उमटलेला तो पहिला चेहरा.

माझी आच कधीच विझवता येत नाही. माझ्यात जस्त गोठलं की पुन्हा वितळवताना मी फुटण्याची भीती असते. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, सगळा चाकण पट्टा ओस पडला, महाळुंग्याच्या रस्त्यावर कुत्रीसुद्धा दिसेनात, तेव्हाही माझ्याखाली आच होतीच. ती सांभाळायला फारूक सदतीस दिवस कारखान्यातच राहिला. कुरुळीहून त्याचा डबा यायचा तो भिमाबाईच्या हातून. ताजुन्निसाला पोलीस अडवत, भिमाबाईला अडवायची कुणाची छाती नव्हती. ती म्हणे, "माजा भाऊ तिथं एकला हाय. तू उपाशी ठिवणार का त्याला?" हवालदार बाजूला होई.

ही भिमाबाई कोण, ते आता सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिची आहे.

ती कुरुळीची. नवरा गेल्यावर आमच्या कारखान्यात मालाला तारा बांधायला लागली. आमच्या धंद्यात एक मोठं भय असतं. पोकळ पाइपची दोन्ही तोंडं बंद असतील आणि तो तसाच वितळलेल्या जस्तात बुडवला, तर आतल्या हवेला आणि ओलाव्याला बाहेर यायला वाट मिळत नाही. साडेचारशे अंशांत ती कोंडलेली हवा नि वाफ पाइप फोडते. जस्त कारंज्यासारखं उडतं. म्हणून प्रत्येक पोकळ भागाला भोक लागतं, हवा निघायला आणि जस्त शिरायला. बाहेरचं भोक दिसतं. पण दोन पाइप एकमेकांना जोडले असतील, तर जोडाच्या आत भोक आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

भिमाबाई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिनं यावर स्वतःचा उपाय काढला होता. दुधाच्या पत्र्याच्या डब्यात ती काथ्या पेटवून धुमसत ठेवी. डब्याला एका बाजूनं सायकलचा पंप जोडलेला, दुसऱ्या बाजूनं रबरी नळी. नळी पाइपच्या एका तोंडात घालायची, पंप मारायचा आणि दुसऱ्या तोंडाशी बघायचं. धूर आला तर लोखंड बोललं. धूर आला नाही तर ते मुकं. बोलक्या मालावर ती पिवळ्या खडूनं एक रेघ ओढी. मुक्या मालावर रेघ नाही, आणि रेघेशिवाय फारूक कशालाही हात लावत नसे. हा नियम कुठल्याही पाटीवर लिहिलेला नव्हता. दोघांच्या बोलण्यातून तो तयार झाला आणि आठ वर्षं चालला.

"भिमाक्का," फारूक म्हणायचा, "तुझ्या डब्याच्या धुरानं माझी बिडी सुटली. आता जेवण सोडवतेस का?"

"सुटू दे की. पोट बग कसं झालंय. कढईत वाकलास तर आदी पोटच बुडंल."

"बुडू दे. चांदीचं होऊन निघेल."

अशी त्यांची चेष्टा चाले. पण रेघेच्या बाबतीत चेष्टा नव्हती. एकदा अण्णासाहेबांच्या सख्ख्या मेव्हण्याचे गेट आले होते. मुके निघाले. भिमाबाईनं परत पाठवले. मेव्हणा ओरडला, तंबाखू थुंकला, अण्णासाहेबांकडे गेला. अण्णासाहेब म्हणाले, "त्या बाईपुढे माझंही काही चालत नाही." त्या दिवशी मला फार बरं वाटलं. एवढ्या आगीशेजारी आपण निवांत आहोत, असं.

भिमाबाईला एकच मुलगा, नागसेन. वेल्डिंग शिकलेला, हाताला सफाई असलेला. एका गाड्यांच्या कंपनीत तो कंत्राटावर होता. टाळेबंदीनंतर तिथून त्याला कमी केलं. वर्षभर घरी बसला. मग कुरुळीतच भाड्याच्या शेडमध्ये त्यानं स्वतःचं फॅब्रिकेशन सुरू केलं. सुरुवातीला मिळेल ते काम घ्यायचा. जस्त लावलेल्या जुन्या पाइपांवर तो वेल्डिंग करी, त्याचा पांढरा धूर छातीत जाई आणि अंगात हुडहुडी भरे. जस्ताच्या धुराचा हा ताप आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. भिमाबाई त्याला गूळ आणि दूध देई. गुळानं तो ताप उतरतो की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो आपोआप उतरे आणि ती गुळाला हात जोडी.

मग त्याला पहिलं मोठं काम मिळालं. वाकडला एका उंच इमारतींच्या सोसायटीत मुलांसाठी खेळाचं मैदान व्हायचं होतं. लोंबकळण्याच्या दांड्यांचे वीस सांगाडे हवे होते. दोन उभे खांब आणि त्यांना जोडणारा एक आडवा दांडा, पोकळ पाइपचा. मैदान सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर उघडायचं ठरलं होतं. सोसायटीची एक अट होती. आडव्या दांड्याला बाहेरून एकही भोक नको, मुलांची बोटं अडकतात. त्यामुळे भोकं आतून, जोडाच्या जागी, वेल्डिंगच्या आधीच पाडायला हवी होती. बाहेरून ती दिसणार नव्हती.

चोवीस तारखेला सकाळी माल आला. भिमाबाईनं डबा पेटवला. एका खांबाचं वरचं तोंड चिंधीनं बंद करायचं, खालून धूर भरायचा, तो आडव्या दांड्यातून पलीकडच्या खांबात जाऊन बाहेर यायला हवा. पहिला सांगाडा बोलला. दुसरा बोलला. नागसेन शेजारी उभा राहून हसत होता. एकोणीस सांगाड्यांवर पिवळी रेघ आली.

विसावा बोलला नाही.

तिनं पंप पुन्हा मारला. नळी काढून फुंकून पाहिली, दुसऱ्या बाजूनं घालून पाहिली. काही नाही. मी तिथून दहा पावलांवर होते. मला सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं.

"नागसेन, ह्यो मुका हाय."

"असं कसं होईल? मी सगळ्यांना ड्रिल मारलंय, आई."

"मग धूर कुटं ग्येला?"

नागसेननं सांगाड्याचा जोड चाचपून पाहिला. मग हळू म्हणाला, "शेवटच्याच्या वेळी मैदानाच्या कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला होता. तेव्हा एखादा पाइप भोकाशिवायच जोडला गेला असेल."

"मग काप. भोक पाड. पुन्ना जोड."

"कापून, जोडून, पुन्हा तेजाबात धुऊन उद्याची दुपार होईल. टेम्पो पाच वाजता निघणार आहे."

"एकोनीस ने. विसावा उद्या दे."

"वीसच्या वीस नाहीतर एकपण नको म्हणालाय कॉन्ट्रॅक्टर. आई, पहिलं काम आहे माझं. हे गेलं तर मला परत कोण विचारणार?" त्यानं नळीवर हात ठेवला. "बाहेरच्या पोरांचा माल तू परत पाठवतेस, मला मान्य आहे. पण मी पुन्हा घरी बसलेला तुला बघवेल का?"

भिमाबाईनं नळी सोडवून पुन्हा खांबात घातली. वर्षभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला मुलगा तिनं पाहिला होता. तिनं पुन्हा पंप मारला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. डब्याच्या झाकणाच्या फटीतून निघणारा धूर त्या झुळुकीनं वाहत पलीकडच्या खांबाच्या तोंडावरून गेला.

"आला!" नागसेन म्हणाला. "आला बघ, आई. बारीक आहे, पण आला."

तो धूर कुठला होता हे तिला कळलं होतं. मित्रांनो, मी हे ठासून सांगते, कारण मी तिचा चेहरा पाहत होते. तिनं डब्याकडे पाहिलं, खांबाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग मुलाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. पुन्हा एकदा पंप मारायचा तिनं हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग खडू घेतला. रेघ नेहमीपेक्षा बारीक उमटली, पण उमटली.

माझ्या तोंडात शब्द नव्हता. मी फक्त तापलेली असते.

तेजाबात धुऊन, वाळवून, साडेतीन वाजता सांगाडे माझ्याकडे यायला लागले. फारूकनं राख सारून आरसा मोकळा केला. क्रेन एकेक सांगाडा तिरका धरून खाली सोडी, आणि तो काठावर उभा राहून लांब फळी फिरवी. एक, दोन, पाच, बारा. चंदेरी, निथळते सांगाडे वर येत आणि फारूक दर वेळी काहीतरी बोले. "वाकडची पोरं नशीबवान. आमच्या वेळी लोंबकळायला चिंच होती, तिथंही मालक मारायचा."

भिमाबाई त्या दिवशी तारा बांधायच्या जागी बसली नाही. भिंतीशी उभी राहिली. फारूकनं तिला हाक मारली. "काय भिमाक्का, पोराचा माल म्हणून पहारा करतेस का?"

ती म्हणाली, "फारूक, शेवटला जरा…"

"शेवटला काय?"

"शेवटला दमानं सोड."

"तुझी रेघ आहे ना त्याच्यावर?"

ती गप्प राहिली. त्यानं वळून सांगाड्याकडे पाहिलं. तेजाबात खडू बराच पुसला जातो, पण कोपऱ्यात थोडी पिवळी खूण राहिली होती. "आहे की," तो म्हणाला. "मग मी डोळे मिटून सोडतो." आणि त्यानं क्रेनला हात केला.

खांब आत गेले. आडवा दांडा माझ्या पृष्ठभागाला टेकला, बुडाला. एक क्षण, दोन क्षण, काही झालं नाही. मला माझ्या पोटात तो दांडा फुगत असल्याचं जाणवलं. भिमाबाई ओरडली, "फारूक, मागं हो! मागं हो रं!" तो मागे व्हायच्या ऐवजी तिच्याकडे वळला. बोलावलं की माणूस वळतो.

त्यापुढचं मी थोडक्यात सांगते. तुम्ही लहान आहात. दांडा फाटला आणि माझ्यातलं जस्त छपरापर्यंत उडालं. मी आठ वर्षं ज्याला ओळखत होते, ज्यानं मला टाळेबंदीत एकटं सोडलं नाही, त्याच्या तोंडावर, गळ्यावर, छातीवर ते पडलं. हवेत जस्त पटकन थिजतं. त्याच्या अंगावरही ते थिजलं. नागसेन टेम्पोपाशी होता, तो धावत आला आणि त्यानंच फारूकला उचललं. त्याचे तळहात भाजले. त्याला ते संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं, असं तारा बांधणाऱ्या बायका नंतर सांगत होत्या.

फारूक पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नऊ दिवस जगला.

मला एक गोष्ट तेव्हा बायकांच्या बोलण्यातून कळली आणि ती मला विसरता येत नाही. भाजलेल्या कातडीवर लावायच्या एका पांढऱ्या मलमात जस्त असतं. जखम भरून यायला शरीराला जस्त लागतं, म्हणून त्याच्या गोळ्याही देतात. तुम्ही बाळ होतात आणि तुम्हाला जुलाब झाले तेव्हा आशाताईनं तुमच्या आईला दिलेल्या गोळ्या तिला आठवतात का ते विचारा, त्यातही जस्त होतं. नळावर तेच, मलमात तेच, कढईत तेच. जस्ताला चांगलं-वाईट काही नसतं. ते तापवणाऱ्याचं, सोडणाऱ्याचं, तपासणाऱ्याचं असतं.

सहाव्या दिवशी सरकारी अधिकारी चौकशीला आले. त्याच्या थोडं आधी अण्णासाहेब भिमाबाईला घेऊन माझ्यापाशी आले. तेव्हा फारूक अजून जिवंत होता, पण बोलू शकत नव्हता.

"भिमाबाई," अण्णासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही काही बोलायचं नाही. माल ओला होता, फारूकनं घाईत सोडला, एवढंच मी सांगणार आहे. तो तसाही…" ते थांबले. "तुमच्याच पोराचं नाव येईल. कारखाना बंद पडेल. तीस घरं आहेत यावर."

"फारूक ओला माल सोडत न्हाई," भिमाबाई म्हणाली.

"मला माहीत नाही का? पण आता त्याला काय फरक पडतो?"

अधिकारी आले. त्यांनी फाटलेला दांडा पाहिला, लांबी मोजली, फोटो काढले. कागद काढून विचारलं, "माल कोण तपासायचं?"

अण्णासाहेब पुढे झाले. भिमाबाई त्यांच्या मागे, पदर तोंडाशी धरून उभी होती. नागसेन दोन्ही हातांना पट्ट्या बांधून दाराशी उभा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ती गप्प बसणार. एकदा ती त्याच्यासाठी गप्प बसलीच होती.

"मी," ती म्हणाली. "रेग माजी. धूर आला न्हवता. मला ठावं व्हतं."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"लिवा. धूर आला न्हवता आन् मी रेग मारली. फारूकनं रेग बगून माल सोडला. माल वाळल्याला व्हता."

नागसेन दारातून बाहेर गेला. अण्णासाहेब माझ्या काठावर हात टेकणार होते, पण मी गरम होते हे त्यांना वेळेवर आठवलं.

फारूक गेल्यावर ताजुन्निसा त्याचं सामान न्यायला आली. डबा, एक सदरा, चष्मा. ती माझ्यासमोर उभी राहिली. भिमाबाई तिच्यापासून चार हातांवर, मान खाली घालून. ती पाया पडायला वाकणार होती, पण ताजुन्निसानं हात पुढे करून तिला अडवलं. जवळ घेण्यासाठी तो हात नव्हता. दूर ठेवण्यासाठी होता.

"त्यांनी बघितलं होतं का?" तिनं विचारलं. "तुमची खूण, बघून सोडलं का?"

"व्हय. बगितली व्हती."

"मग त्यांची चूक नव्हती."

"न्हवती."

"माझ्या पोरीला तुम्ही स्वतः येऊन हे सांगा," ताजुन्निसा म्हणाली. "शाळेत मुलं तिला दुसरंच काही म्हणतात. एकदा या. नंतर येऊ नका."

भिमाबाई गेली आणि सांगून आली. नंतर गेली नाही.

त्या चौकशीत माझीही तपासणी झाली. माझी भिंत एका जागी निम्म्याहून पातळ झालेली निघाली. फारूक नसताना आच कुणी नीट पाहिली नाही, आणि त्याच्या आधीची वर्षं होतीच. जस्त उपसून मला विझवलं, उचलून कुंपणाजवळ ठेवलं. आता माझ्यात पावसाचं पाणी साठतं. मी, ज्या कढईत लाखो वस्तूंना गंजापासून वाचवणारं जस्त होतं, ती आता गंजते. भिंतीवर चिकटलेला जस्ताचा पापुद्रा आहे तिथं गंज नाही, बाकी सगळीकडे आहे.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू मुलांना काहीतरी शिकवून जातात असं म्हणतात. मला फार काही शिकवता येणार नाही. एवढंच मागते. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी पूल तपासेल, कुणी औषधाची बाटली, कुणी शाळेच्या बसचा ब्रेक, कुणी नुसता गॅसचा नळ बंद आहे का ते. तेव्हा तुम्हाला आवडणारं माणूस शेजारी उभं राहून म्हणेल, 'आहे ना ठीक? बघ, आहे.' त्या वेळी तुम्ही त्या माणसाकडे बघू नका. वस्तूकडे बघा. ज्याला तुम्ही त्या क्षणी दुखवाल तो उद्या परत बोलेल. पलीकडे, तुमच्या भरवशावर, जो उभा आहे त्याला तुम्ही कदाचित ओळखतही नसाल. किंवा, आमच्यासारखं, चांगलं ओळखत असाल.

आता कोण कुठे आहे ते सांगते आणि थांबते. माझ्याजवळ बसून कामगार डबा खातात, त्यांच्या बोलण्यातून मला हे कळतं.

अण्णासाहेबांनी नवी कढई आणली. तिच्याभोवती जाड काचेचा आडोसा आहे, आणि माल तपासायला दोन शिकलेली माणसं. अण्णासाहेब स्वतः कारखान्यात कमी येतात. दसऱ्याला त्यांचा मुलगा येऊन हार घालतो.

ताजुन्निसा महाळुंग्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कंपनीत लागली. शिफ्टला जाते, ओव्हरटाइम करते. उझ्माला दहावीला विज्ञानात चांगले गुण होते. तिनं विज्ञान घेतलं नाही, कॉमर्सला गेली. ती कधी या रस्त्यानं जात नाही.

वाकडचं मैदान सव्वीस जानेवारीला ठरल्याप्रमाणे उघडलं. दांडे दुसऱ्या कुणाकडून आणले.

नागसेननं शेड सोडली. हातांची बोटं पुरती मिटत नाहीत, त्यामुळे वेल्डिंग होत नाही. तो एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करतो. कुरुळीत आईजवळच राहतो. दोघं एका घरात जेवतात आणि बोलत नाहीत, असं शेजारी म्हणतात. एक वर्ष झालं, दोन झाली, अजून तसंच आहे.

फारूकच्या मृत्यूचा खटला भिमाबाईवर चालू आहे. तो संपेपर्यंत मला भंगारात विकता येत नाही. भिमाबाई दर तारखेला बसनं कोर्टात जाते. आता तिला नीट दिसत नाही, पायऱ्या मोजून चढते. तिच्या बाजूचे वकील भले गृहस्थ आहेत. ते दर वेळी तिला समजावतात, "आजी, वय झालंय तुमचं. इतक्या वर्षांपूर्वीचं आहे. नीट आठवत नाही, एवढंच म्हणा, सुटाल."

दर वेळी ती म्हणते, "आटवतंय."